महिनाअखेरची शुगर

आत्या विक्रोळीला राहते, चार घरची धुणीभांडी करते आणि तिला आठ वर्षांपासून शुगर आहे. एकदा 27 तारखेला सकाळी कामाला निघाली आणि चाळीच्या जिन्यातच बसली, अंग घामाने ओलंचिंब, हात थरथरतायत, विचारलं तर धड बोलता येईना. शेजारच्या काकूंनी तोंडात साखर कोंबली तेव्हा कुठे ती भानावर आली. आम्हाला वाटलं हिने काहीतरी गोडधोड खाल्लं असणार, पण झालं होतं उलटंच. पीठ संपलेलं, पगार 5 तारखेला, रात्री पोराला जेवायला घालून ही नुसता चहा पिऊन झोपली आणि सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली. म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, गोळी चुकवायची नाही."

शुगर हा खात्यापित्या घरचा आजार असं आपल्या डोक्यात घट्ट बसलंय, म्हणून हे सगळं आलं कुठून ते जरा मागे जाऊन लिहितेय.

आधी गोळीचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला शुगर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा नाहीतर नसा. पोटात काही नसेल तर शुगर धाडकन खाली येते. मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी, नुसती ती घेतली तर सहसा असं होत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या 2000 ते 2008 च्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचा अभ्यास 2014 मध्ये छापून आला, आणि त्यात दिसलं की गरीब वस्त्यांमधल्या लोकांना शुगर उतरल्यामुळे ॲडमिट करायचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात 27 टक्के जास्त होतं. श्रीमंत भागात असा फरक नव्हता. ते वाचलं आणि मला आत्याचा जिनाच आठवला. आणि हातात पैसे आले की पहिलं घरात येतं ते स्वस्त आणि पोट भरणारं, भात, पाव, चहाबिस्किट, म्हणजे शुगर परत वर. खाली-वर, खाली-वर, दर महिन्याला.

आता आपल्या ताटात धान्यच धान्य का आहे त्याकडे येऊ. मुंबईत रेशनिंग सुरू झालं 1943 मध्ये, युद्ध चालू होतं, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झालेला, आणि त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. तेव्हा प्रश्न एकच होता, माणूस जगला पाहिजे. 1972 च्या दुष्काळातही तेच, घरातली म्हातारी माणसं अजून त्या लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या भाकरीची चव सांगतात, आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला, तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, आणि जानेवारी 2023 पासून तर ते फुकट. याचं मोल मी अजिबात कमी लेखत नाही, यावर घरंच्या घरं तगलीयत. पण कायद्याने हक्क दिला तो धान्याचा. डाळ, भाजी, अंडं ज्याचं त्याने बघायचं, आणि मुंबईत भाड्यातून आणि लाइटबिलातून उरतं काय ते आपल्याला माहितीये. त्यात शहरात या धान्याच्या यादीत बसायला घराचं वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला 5 हजारही नाही!

गिरणगावात एक वेगळी सोय होती, खानावळ. एकट्या कामगाराला तिथे महिन्याच्या खात्यावर दोन वेळचं जेवण मिळायचं, पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाअखेरही ताट चुकत नव्हतं. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग जानेवारी 1982 चा संप आला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या एकेक करत गेल्या आणि पगाराच्या भरवशावर चालणारं ते खातंही गेलं. 2020 मध्ये सरकारची शिवभोजन थाळी आली 10 रुपयांत, त्यात वरण होतं, भाजी होती, म्हणूनच मला ती योजना आवडली.

अजून एक धागा पुण्यातून येतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांमधल्या आया आणि बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाने कमी पण त्या मानाने अंगात चरबी जास्त अशी जन्मतात. आईच्या पोटात झालेली आबाळ पुढे मधुमेहाचा धोका वाढवते. म्हणजे आत्यासारखी काटकुळी बाई आणि शुगर, यात नवल काहीच नाही. 2021 च्या पालिकेच्या सर्व्हेत मुंबईतल्या साधारण 18 टक्के मोठ्या माणसांची उपाशीपोटीची शुगर वाढलेली निघाली.

दवाखान्याने जेवणाची चौकशी करायची हा विचारही जुनाच आहे. दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे 1940 च्या सुमारास सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने केंद्र काढलं, तिथे औषधांबरोबर परसबागाही होत्या. तिथे शिकून गेलेल्या जॅक गायगर या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपीत दवाखाना सुरू केला, आणि उपासमारीने आजारी पडलेल्या पोरांना चिठ्ठीवर चक्क दूध, भाजी, मटण लिहून दिलं, दुकानदाराचं बिल औषधाच्या खात्यातून चुकतं केलं. वरून विचारणा झाली तेव्हा ते म्हणाले की माझ्या पुस्तकात तरी कुपोषणावरचा इलाज अन्न हाच आहे.

आपल्याकडे टीबीच्या बाबतीत सरकारने हे मान्य केलंय, 2018 पासून पेशंटच्या खात्यात पोषणासाठी महिना 500 रुपये यायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. शुगरवाल्याला गोळ्या फुकट मिळतात, खाण्याचं मात्र कुणी बघत नाही, आणि हे मला खरंच खटकतं.

2022 पासून मुंबईत पालिकेचे 'आपला दवाखाना' नावाचे दवाखाने सुरू झाले, रात्री 10 पर्यंत उघडे. कामवाल्या बाईसाठी ही वेळ फार मोठी गोष्ट आहे, कारण सकाळच्या ओपीडीला जायचं म्हणजे खाडा. आत्या त्या जिन्याच्या प्रसंगानंतर वस्तीजवळच्या दवाखान्यात रात्री आठला गेली. तिथल्या सिस्टरने शुगर बघायच्या आधी विचारलं, "मावशी, काल रात्री काय जेवलात?" आत्या आधी खोटं बोलली, मग रडली. डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि तिला वाचता येत नाही म्हणून सिस्टरने पेनाने पाकिटावर एक ताट काढून दिलं आणि सांगितलं, हे नसेल तर ही गोळी नाही घ्यायची, इकडे यायचं. ते पाकीट तिने पिठाच्या डब्याला चिकटवलंय.