पार्श्वभूमी : स्वतःच्या लॅबमधलं क्ष-किरण यंत्र

स्फटिकरचना, म्हणजे स्फटिकात अणू कसे मांडलेले आहेत ते, काढायची म्हटलं की हल्ली सिंक्रोट्रॉनचं (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या अवाढव्य यंत्राचं) नाव आधी घेतलं जातं. पण या शास्त्राचा जन्म साध्या लॅबमध्येच झाला.

1912 साली म्युनिकमध्ये लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या खड्यातून क्ष-किरण सोडले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. त्या ठिपक्यांचा अर्थ लावला लॉरेन्स ब्रॅगने. त्याच्या वडिलांनी, विल्यम हेन्री ब्रॅग यांनी, लीड्सला स्वतःचा स्पेक्ट्रोमीटर (क्ष-किरण मोजायचं यंत्र) उभा केला आणि 1913 मध्ये मीठ, हिरा यांच्या रचना हाती आल्या. 1915 चं नोबेल दोघांना मिळालं, तेव्हा मुलगा 25 वर्षांचा होता.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कोलकात्यात रामन यांच्या प्रयोगशाळेत केदारेश्वर बॅनर्जींनी 1930 च्या सुमारास नॅफ्थॅलीन आणि अँथ्रासीनच्या रचनेवर काम केलं. नॅफ्थॅलीन म्हणजे कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या! रचना काढायला प्रत्येक ठिपक्याची तीव्रता आणि कला (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) दोन्ही लागतात. तीव्रता मोजता येते, कला मात्र हरवते. ती गणिताने परत मिळवायच्या वाटेवरचं त्यांचं 1933 चं काम फार सुरुवातीचं. याच वाटेवर पुढे गेलेल्या हाउप्टमन आणि कार्ल यांना 1985 मध्ये नोबेल मिळालं. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्थांसोबत 1954 मध्ये कोलॅजेन या त्वचेतल्या आणि कंडरांमधल्या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. त्यासाठी कांगारूच्या शेपटीतला कंडरा वापरला होता.

तेव्हा फिल्मवरचा एकेक ठिपका डोळ्यांनी जोखावा लागे, एका रचनेत महिने जात. पुढे संगणक आले, चार वर्तुळांचं डिफ्रॅक्टोमीटर (स्फटिक हव्या त्या कोनात फिरवून ठिपके मोजणारं यंत्र) आलं, मग फिल्मऐवजी डिजिटल कॅमेऱ्यासारखा सीसीडी डिटेक्टर. आज सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश भागाएवढा स्वच्छ कण निवडायचा, तेलाच्या थेंबासह नायलॉनच्या फासात अडकवायचा, थंड नायट्रोजनच्या झोतात धरायचा. लहान रेणू असेल तर मॉलिब्डेनमची क्ष-किरण नळी (तरंगलांबी 0.71 अँगस्ट्रॉम; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश), प्रथिनाला बहुधा तांब्याची (1.54). चांगला स्फटिक असेल तर लहान रेणूची रचना त्याच दिवशी हाती येते.

अगदी बारीक किंवा फार कमकुवत स्फटिकांना सिंक्रोट्रॉनच लागतो, त्यासाठी इंदूरचा इंडस-2 आहे. पण तिथे वेळ मागून घ्यावा लागतो. स्फटिक मात्र वाट पाहत नाहीत. कित्येक स्फटिकांमधला द्रावक बाटलीतून काढताक्षणी उडू लागतो आणि खडा डोळ्यांदेखत पांढरा पडतो. अशा वेळी यंत्र शेजारच्या खोलीत असावं लागतं.