अमेरिकेतले डेटा-कायदे राज्यागणिक वेगळे का झाले

अमेरिकी कंपन्यांची कामं करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या टीमना एक तक्ता सतत हाताशी ठेवावा लागतो. ग्राहक कोणत्या राज्याचा, त्याने 'माझा डेटा विकू नका' म्हटलं तर काय करायचं, संमती आधी घ्यायची की नकार आल्यावर थांबायचं, हे सगळं त्यात असतं. तक्ता पाठ करता येतो. पण त्यातले रकाने तसे का भरले गेले हे कळलं की चुका कमी होतात, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकी संसदेने ग्राहकांच्या डेटासाठी एक सर्वसमावेशक कायदा कधी केलाच नाही. गरज पडेल तसे तुकडे जोडले: 1970 मध्ये पतअहवालांसाठी, 1996 मध्ये आरोग्याच्या नोंदींसाठी, 1998 मध्ये मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी. 1987 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट बोर्क यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीचा प्रस्ताव गाजत होता. तेव्हा त्यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी एका साप्ताहिकाने छापली आणि पुढच्याच वर्षी कॅसेटच्या नोंदींना कायद्याचं संरक्षण मिळालं. मोबाइलचं लोकेशन आणि वेबसाइटवरचा वावर मात्र पुढे अनेक वर्षं उघड्यावरच राहिला.

कोंडी फोडली ती कॅलिफोर्नियाने, आणि तीही एका बांधकाम व्यावसायिकामुळे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ॲलिस्टर मॅक्टॅगर्ट यांनी स्वतःचे पैसे घालून ग्राहकांच्या डेटा-हक्कांसाठी सार्वमताचा प्रस्ताव आणला आणि त्यावर सहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. 2018 च्या मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण, म्हणजे फेसबुक वापरणाऱ्यांच्या डेटाचा राजकीय प्रचारासाठी झालेला गैरवापर, उघड झालं होतं. प्रस्ताव मागे घेण्याची मुदत 28 जून 2018 ला संपत होती. सार्वमताने झालेला कायदा विधिमंडळाला नंतर सहज बदलता येत नाही, हे कंपन्याही जाणून होत्या. त्यामुळे विधेयक घाईघाईने पुढे आलं, एकही विरोधी मत न पडता मंजूर झालं आणि त्याच 28 जूनला गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यावर सही केली. घाईतल्या त्रुटी पुढे दुरुस्त होत राहिल्या. 2020 च्या सार्वमतात मतदारांनी हा कायदा आणखी कडक केला आणि अंमलबजावणीसाठी स्वतंत्र संस्थाही उभी केली. कर्मचाऱ्यांच्या डेटालाही तो 2023 पासून पूर्णपणे लागू आहे. बाकीच्या राज्यांनी कर्मचाऱ्यांना वगळलं आहे.

कॅलिफोर्नियाचं हे या कायद्यांचं एक घराणं; दुसरं वॉशिंग्टन राज्यातलं. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन तिथल्याच. सिनेटर रूव्हन कार्लाइल यांनी 2019 पासून आणलेलं विधेयक दरवर्षी अडत राहिलं. नागरिकाला थेट कोर्टात जाता यावं का, हा वाद काही मिटेना. पण त्याचा साचा व्हर्जिनियाने उचलला आणि 2 मार्च 2021 ला त्याचा कायदा झाला. कोलोरॅडो, कनेक्टिकट आणि नंतरच्या बहुतेक राज्यांनी हाच साचा थोडाफार बदलून वापरला.

अनुपालनातला सर्वात मोठा फरक या दोन घराण्यांतूनच आला आहे. व्हर्जिनियात 'विक्री' म्हणजे पैसे घेऊन दिलेला डेटा. कॅलिफोर्नियात पैशांऐवजी दुसरा कुठलाही लाभ मिळाला तरी ती विक्रीच. म्हणूनच 2022 मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीला तिथे 12 लाख डॉलर भरावे लागले: वेबसाइटवर ग्राहकांचा वावर टिपणारे दुसऱ्या कंपन्यांचे ट्रॅकर होते, बदल्यात त्या वावराचं विश्लेषण मिळत होतं आणि ब्राउझरने पाठवलेला नकाराचा सिग्नल पाळला जात नव्हता. उलट, आरोग्य, धर्म, वंश यांसारख्या संवेदनशील डेटासाठी व्हर्जिनिया आधी संमती मागते, तर कॅलिफोर्निया ग्राहकाला वापर मर्यादित करण्याचा हक्क देते. कुठला कायदा 'कडक' हे एका शब्दात सांगता येत नाही ते यामुळे.

कायदा कोणाला लागू, याचीही तीच तऱ्हा. व्हर्जिनियाने मुख्यतः एक लाख ग्राहकांचा उंबरठा ठेवला, म्हणजे तितक्यांचा डेटा हाताळणाऱ्या कंपनीला कायदा लागू. जेमतेम अकरा लाख वस्तीच्या मोंटानाने तो 50,000 वर आणला आणि 2025 मध्ये आणखी खाली. टेक्सासने असा आकडाच ठेवला नाही, छोट्या उद्योगांना मात्र बहुतांशी वगळलं.

2024 अखेर असे कायदे 19 राज्यांत झाले. फ्लोरिडाचा मर्यादित कायदा धरला तर 20. त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी सामान्य नागरिकाला कोर्टाचं दार बंदच ठेवलं, आणि मला ही त्यांची खरी उणीव वाटते. कॅलिफोर्नियात दावा करता येतो तो डेटा फुटला तरच. व्हरमाँटच्या विधिमंडळाने 2024 मध्ये हा हक्क थोडा रुंद करून पाहिला, तर गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला.

केंद्रीय कायदा आला असता तर तक्ता आटोपला असता. 2022 मध्ये त्याचं विधेयक प्रतिनिधिगृहाच्या समितीत 53 विरुद्ध 2 मतांनी मंजूरही झालं होतं. पण आपला कायदा त्याखाली गाडला जाईल म्हणून कॅलिफोर्नियाच्या नेत्यांनी हरकत घेतली आणि ते तिथेच थांबलं. राज्यं मात्र थांबली नाहीत. मेरीलँडचा कायदा 1 ऑक्टोबर 2025 ला लागू झाला. त्यात संवेदनशील डेटा विकायलाच बंदी आहे. ग्राहकाने संमती दिली असली तरीही.