वाडीत मोठ्या पडद्यावर मॅच दाखवायची आहे? पोलिसांच्या शिक्क्याआधी लागणारा कागद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मंडळांचे अर्ज लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. गणपती, शिमगा, नमन, कबड्डीचे सामने यांचे कागद मंडळाच्या पोरांना आता तोंडपाठ आहेत. गाडी अडते ती वर्ल्ड कपच्या फायनलला. फाइल जाडजूड असते. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, जागामालकाचं संमतिपत्र, मंडळाच्या नोंदणीची झेरॉक्स, महावितरणची पावती, सगळं टाचून नेलेलं. पोलीस ठाण्यातले साहेब पानं उलटतात आणि विचारतात, "चॅनलवाल्यांचं पत्र कुठाय?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "रिचार्ज केलंय ना साहेब, स्पोर्ट्सचा पॅक आहे." अर्ज तिथूनच परत.

हे पत्र म्हणजे सामना लोकांना दाखवायला हक्कदार कंपनीने दिलेली लेखी परवानगी. ते कोणाकडे मागायचं आणि रिचार्जची पावती त्याच्या जागी का चालत नाही, हे आधी नीट समजून घ्या. बाकीचे कागद दोन दिवसांत गोळा होतात.

सामना जो भरवतो, त्याच्या मालकीचा. वर्ल्ड कप आयसीसीचा, आशिया कप आशियाई क्रिकेट परिषदेचा. भारतात खेळली जाणारी मालिका बीसीसीआयची, आणि भारत इंग्लंडला गेला तर ती मालिका इंग्लंडच्या बोर्डाची. प्रत्येक मालक आपले प्रक्षेपण हक्क देशवार आणि ठरावीक वर्षांसाठी विकतो, बहुधा निविदा मागवून किंवा लिलावाने. आयसीसीने २०२४ ते २०२७ चे भारतापुरते हक्क ऑगस्ट २०२२ मध्ये डिस्ने स्टारला दिले. बीसीसीआयने मायदेशातल्या मालिकांचे हक्क ऑगस्ट २०२३ मध्ये मार्च २०२८ पर्यंत व्हायकॉम१८ ला ५,९६३ कोटी रुपयांना दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोघांचं मिळून जिओस्टार झालं. आशिया कप मात्र २०३१ पर्यंत सोनीकडे आहे.

म्हणजे "क्रिकेटवाली कंपनी" अशी एकच कंपनी नसते. एका मंडळाने मोठ्या हौसेने महिनाभर आधी पत्र पाठवलं आणि ते भलत्याच कंपनीला. उत्तर येईना म्हणून पोरं कंपनीला शिव्या घालत बसली. कंपनीचा दोष नव्हता, तिच्याकडे ती स्पर्धाच नव्हती.

त्यात आणखी एक गुंता आहे. टीव्ही आणि मोबाइल हे दोन वेगळे हक्क आहेत. २०२५ चा इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीकडे होता आणि ॲपवर जिओहॉटस्टारकडे. तुम्ही पडद्याला डिशचा सेट टॉप बॉक्स लावणार की लॅपटॉपवरून ॲप चालवणार, यावर पत्र कोणाचं लागेल ते ठरतं. अर्जात हे लिहिलेलंच नसतं. "प्रोजेक्टरवर दाखवणार" एवढंच असतं. प्रोजेक्टरला चित्र कुठून येणार, तो खरा प्रश्न आहे.

आता रिचार्जचं. घरच्या कनेक्शनचे पैसे भरले म्हणजे घरात बघायची मुभा मिळाली. हॉटेल, क्लब, मैदान अशा ठिकाणी गिऱ्हाइकांना किंवा जमावाला दाखवलं की ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, भाषेत तुम्ही व्यावसायिक ग्राहक ठरता. मालवण-गुहागरच्या खाणावळवाल्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. ॲपच्या अटींमध्ये तर "खासगी वापरासाठी" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण "मान्य आहे" दाबण्याआधी त्या अटी वाचतंय कोण! मॅच चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात मध्येच एक लांबलचक आकडा उमटून जातो, तो पाहिलाय? पोरांना वाटतं डिश बिघडली. तो तुमच्या बॉक्सची ओळख असतो. कोणीतरी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला तरी बॉक्स कोणाच्या नावावर आहे ते कळतं. आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी आईच्या नावावर असतो.

आखातातल्या भावाच्या लॉगिनची युक्तीही कोकणात जुनीच. त्याने दुबईत पैसे भरलेत म्हणून इथे चालेल, असं नाही. हक्क देशवार विकलेले असतात, त्याचं वर्गणीपत्र तिथलं. ही गोष्ट अर्जात प्रामाणिकपणे लिहिणारेही भेटलेत मला. काय बोलणार!

"मग दूरदर्शनवर दाखवतो, ते तर सरकारी." हा प्रश्न दर वेळी येतो आणि उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र, कंपनीच्या जाहिराती वगळून, प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या (अँटेनाने पकडायच्या) प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतंच आहे, खासगी केबलवरून ते पुढे नेता येणार नाही. म्हणून केबलवाल्याच्या वायरीवर डीडी लावून "सरकारी चॅनल आहे" म्हणालात तर बाजू लंगडीच. फ्री डिश असली तरी महिन्याचे पैसे लागत नाहीत एवढंच खरं. सामन्याचा मालक काही दूरदर्शन होत नाही.

तिकिटाबद्दल हात जोडून सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ मध्ये प्रक्षेपणाचा हक्क पंचवीस वर्षं राखलेला आहे, आणि परवान्याशिवाय पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा त्या हक्काचा भंग ठरतो. तेव्हा प्रवेश फुकट ठेवा. "तिकीट नाही, वडापावचं कूपन आहे, पण कुपनाशिवाय आत सोडत नाही" असली हुशारी करू नका. पडद्याशेजारी सोनाराचा किंवा सिमेंटवाल्याचा फ्लेक्स लावला की कंपनी त्याला धंदाच समजते, कारण स्पर्धेचे अधिकृत प्रायोजक वेगळे असतात आणि त्यांनी त्यासाठी मोजलेले असतात. "भावी सरपंचां"चा फ्लेक्स हा आणखी वेगळा ताप, विशेषतः आचारसंहितेत. मोठ्या स्पर्धांआधी कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयातून अनोळखी उल्लंघन करणाऱ्यांविरुद्ध आगाऊ मनाई हुकूम घेऊन ठेवतात. त्याला आपल्याकडे "अशोक कुमार" हुकूम म्हणतात. अशोक कुमार म्हणजे नाव माहीत नसलेला तुमच्या-आमच्यासारखा कोणीही.

पत्र मागताना एका पानात एवढं लिहा: स्पर्धा आणि सामन्याची तारीख, जागेचा पूर्ण पत्ता, अंदाजे किती माणसं, पडद्याचा आकार, चित्र डिशवरून की केबलवरून की ॲपवरून, प्रवेश फुकट की नाही, फ्लेक्स कोणाचे. पत्र मंडळाच्या लेटरहेडवर आणि मंडळाच्या नावानेच मागा, एकट्या माणसाच्या नावाने नको. किमान महिनाभर आधी. भारत सेमीफायनल जिंकल्यावर अर्ज लिहायला माझ्याकडे येऊ नका. येतात, म्हणून सांगतोय.

मंडळाच्या नावातही घोळ असतो. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदणीत "क्रीडा मंडळ", पासबुकात "मित्रमंडळ", शिक्क्यावर तिसरंच. त्याहून वाईट म्हणजे कागदावरचा अध्यक्ष दहा वर्षांपूर्वी विरारला राहायला गेलेला आणि नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट कोणी भरलेलाच नाही. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. सही कोणाची, हा प्रश्न फायनलच्या आदल्या दिवशी सुटत नाही.

वेळेचं गणित तर जवळजवळ सगळे चुकतात. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमधली फायनल आपल्याकडे रात्री आठला सुरू झाली आणि संपेपर्यंत साडेअकरा वाजले. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. वर्षातले जे मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते ते धार्मिक-सांस्कृतिक सणांचे, आधीच जाहीर झालेले. तुमची फायनल त्यात बसत नाही. मंडळं अर्जात "रात्री ८ ते सामना संपेपर्यंत" लिहितात आणि तेवढ्या एका ओळीवर अर्ज नामंजूर होतो. त्यापेक्षा समाजमंदिराचं बंद सभागृह घ्या, तिथे आतल्यापुरता आवाज ठेवता येतो. जून म्हटल्यावर तसंही मैदानात चिखल, वर पाऊस जोरात आला की डिशचं चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठतं, नेमकं शेवटच्या षटकात.

किनाऱ्यावर पडदा लावायची टूम पर्यटनामुळे निघाली आहे. तिथे ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही, तहसीलदार आणि बंदर खातं दोन्हीकडे विचारा. गुहागर, आंजर्ले, वेळास या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर येऊन उजेडाच्या दिशेने समुद्राकडे धावतात. तुमचा पडदा समुद्रापेक्षा उजळ असेल तर ती उलटी गावाकडे वळतील. त्या दिवसांत वनखातं नाही म्हणालं तर वाद घालू नका.

बाकी किरकोळ. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, त्याला परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. शेजारच्या पडवीतून वायर ओढू नका. ब्रेकमध्ये गाणी लावणार असाल तर त्यांचा परवाना वेगळा, मॅचच्या पत्रात तो येत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज सगळ्यात शेवटी, कंपनीचं पत्र वर टाचून. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि पोचेवर तारखेबरोबर आवक क्रमांक आहे ना ते तिथेच उभं राहून बघा.