छापलेला ५.० आणि खरा ४.९७

५ एप्रिल १९९२ रोजी जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. तिथे पाच टक्क्यांहून कमी मतं मिळवणाऱ्या पक्षाला सभागृहात जागा मिळत नाहीत. डेनिश अल्पसंख्याकांचा पक्ष तेवढा अपवाद. निकालाच्या कागदावर ग्रीन पक्षापुढे ५.० छापून आलं आणि पक्ष निवडून आला असं सगळ्यांनी धरलं. खरा आकडा ४.९७ असल्याचं मध्यरात्रीनंतर लक्षात आलं. प्रोग्रॅम दशांशचिन्हापुढे एकच अंक छापायचा आणि छापताना आकडा राउंड करायचा. ग्रीन पक्ष बाहेर गेला, जागावाटप नव्याने झालं आणि सोशल डेमोक्रॅटांना ८९ पैकी ४५ जागा, म्हणजे काठावरचं बहुमत मिळालं.

बेरीज-भागाकार बरोबर होते. घोळ फक्त छपाईच्या फॉरमॅटचा होता, आणि म्हणूनच मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो. फॉरमॅटिंग हे शेवटचं किरकोळ काम समजून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो.

फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, तर साठवलेली आणि दिसणारी संख्या बहुतेक वेळा वेगळीच असते. कॉम्प्युटर अपूर्णांक अर्धा, पाव, एक अष्टमांश अशा तुकड्यांच्या बेरजेने लिहितो. एक दशांश या तुकड्यांत कधीच नेमका बसत नाही. अशा संख्या कशा साठवायच्या ते ठरवणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकातल्या ६४ बिटांच्या संख्येत ५३ द्विमान अंकांची अचूकता मिळते, तिथे तो राउंड करावा लागतो. साठतं ते ०.१००००००००००००००००५५५… तरी पायथन (एक प्रोग्रॅमिंग भाषा) ०.१ एवढंच दाखवतो, कारण परत वाचल्यावर तीच साठवलेली संख्या देईल असा सर्वांत कमी अंकांचा दशांश तो शोधून छापतो. जुन्या आवृत्त्या ०.१०००००००००००००००१ छापत. ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते, पण तिच्यामुळे आतली तफावत झाकली जाते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ आली की नवखा प्रोग्रॅमर गोंधळतो तो त्यामुळेच.

२.६७५ दोन स्थळांपर्यंत राउंड केला तर पायथन २.६८ ऐवजी २.६७ देतो. आत २.६७४९९९९९९९९९९९९९८२… असतं, त्यामुळे उत्तर बरोबरच आहे.

पैशांचा हिशेब असेल तर रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण संख्येत ठेवावी, किंवा पायथनचा डेसिमल हा दशांश जसाच्या तसा साठवणारा प्रकार वापरावा. मात्र डेसिमलला २.६७५ अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावा लागतो. नाहीतर ती २.६७४९९९… वाली संख्याच शेपटासकट आत जाते.