वाटाघाटींचं गुऱ्हाळ आणि गच्चीवरची टाकी

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात हवामान परिषद चालू असताना २० तारखेला परिषदेच्या आवारातच आग लागली. प्रतिनिधी बाहेर पळाले. 'पृथ्वी पेटली आहे' असं वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या बातमीदारांची त्या दिवशी पंचाईत झाली असणार. खरीच आग लागल्यावर तिला उपमा कसली द्यायची?

हवामान वाटाघाटींच्या बातम्या मी आवडीने वाचतो, आणि हल्ली त्यातल्या विज्ञानापेक्षा भाषेकडेच जास्त लक्ष जातं. चर्चेचं गुऱ्हाळ चालू राहतं, मध्येच घोडं अडतं, शेवटी गरीब देशांच्या तोंडाला पानं पुसली जातात. नेतेही मागे नाहीत. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मध्यरात्रीला एक मिनिट उरलेलं घड्याळ दाखवलं. पुढच्या वर्षीच्या परिषदेत, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखमध्ये, संयुक्त राष्ट्रांचे महासचिव गुटेरेस म्हणाले, आपण नरकाच्या महामार्गावर आहोत आणि पाय अजून अॅक्सिलरेटरवरच आहे. आपल्या पंतप्रधानांनी ग्लासगोत केलेल्या पाच घोषणांना पंचामृत म्हटलं.

रूपकं वापरू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण युद्ध, शर्यत, सामना, तह हे सगळं माणसामाणसांतलं झालं. ज्या वातावरणावरून ही बोलणी चालतात ते त्यात कुठेच नसतं.

ते मला दिसलं आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. टाकीचा बॉलकॉक अडकला होता आणि पाणी जिन्यावरून खाली येत होतं. वॉचमनला सांगितलं, व्हॉल्व्ह कमी कर. त्याने केला. अर्ध्या तासाने जिना पुन्हा ओला. 'काका, मी तर निम्मा बंद केला होता!' तो खरंच बोलत होता. पण निम्म्या धारेनेही भरलेली टाकी वाहायची थांबत नाही. पातळी तेव्हाच थांबते, जेव्हा आत येणारं पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्याइतकं होतं.

हा हिशेब चौथीतला आहे, तरी तो भल्याभल्यांना चकवतो. जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी या संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारलं, हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण स्थिर करायचं तर उत्सर्जनाचा आलेख कसा हवा? बहुसंख्य मुलांनी उत्सर्जनही स्थिर झालेलं दाखवलं. म्हणजे नळ तेवढाच चालू आणि पातळी मात्र थांबलेली!

लॉकडाऊनमध्ये याचा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झाला. २०२० मध्ये कोळसा, तेल आणि वायूपासूनचं जागतिक उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. जालंधरहून हिमालय दिसल्याचे फोटो फिरले, 'निसर्गाने श्वास घेतला' असे मथळे आले. त्याच वर्षी हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत कार्बन डायऑक्साइड सुमारे अडीच पीपीएमने (हवेच्या दर दहा लाख भागांत अडीच भागांनी) वाढलेलाच आढळला. धूळ आणि धूर काही दिवसांत खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड बसत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० पीपीएम असलेली पातळी आता ४२० च्या पुढे गेली आहे.

आता या टाकीचा बाहेर जाणारा पाइप पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण सोडतो त्यातला निम्म्याहून थोडा कमी वायू हवेत राहतो, बाकीचा झाडं-माती आणि समुद्र उचलतात. समुद्र कसा उचलतो? वायू नुसता विरघळला असता तर समुद्राचं पोट लवकर भरलं असतं. पण पाण्यात कार्बोनेट आयन असतात. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि कार्बोनेट मिळून बायकार्बोनेट तयार होतं आणि आणखी वायूला जागा होते. अडचण अशी की या व्यवहारात कार्बोनेट खर्च होतं. जितकं खर्च होईल तितकी पुढच्या वायूसाठी जागा कमी. म्हणून हवेतलं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर समुद्राच्या वरच्या थरातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. समुद्रशास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल यांच्या नावाने हे गुणोत्तर ओळखलं जातं. फरशी पुसायचं फडकं ओलं होत गेलं की कमी टिपतं, तसंच. ते पिळून घ्यायचं तर वरचं पाणी खोल समुद्रात मिसळायला हवं, आणि त्याला शेकडो वर्षं लागतात.

(हवा शुद्ध करायला होमहवन सुचवणारे संदेश मलाही येतात. समिधा आणि तूप जाळल्यावर जे तयार होतं त्यात कार्बन डायऑक्साइडच असतो, एवढंच उत्तर मी पाठवतो.)

टाकी डोळ्यांसमोर ठेवली की त्याच बातम्या वेगळ्या दिसतात. ग्लासगोत शेवटच्या तासांत भारताच्या आग्रहावरून कोळसा 'बंद करत नेणं' याऐवजी 'कमी करत नेणं' हे शब्द आले. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा आवाज दाटून आला. कुणी लिहिलं भारताने खोडा घातला, कुणी लिहिलं भारत झुकला नाही. वॉचमनला विचारलं असतं तर त्याने दोन्ही शब्दांतला फरक बरोबर सांगितला असता.

पण टाकी कुणी भरली हेही विचारायला हवं. शर्यत म्हटलं की सगळे एका रेषेवरून सुटलेले वाटतात, आणि वार्षिक उत्सर्जनात भारत तिसरा दिसतो. आजवर साठलेल्याचा हिशेब काढला तर कोळसा-तेलाच्या उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, भारताचा ३-४ टक्के.

'कार्बन बजेट', म्हणजे तापमानवाढ ठरावीक मर्यादेत ठेवून अजून किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल तो साठा, हा शब्दही फसवा. बजेट म्हटलं की आपल्याला १ फेब्रुवारी आठवतो, दरवर्षी नवं. हे बजेट एकदाच मिळालेल्या शिध्यासारखं आहे. तापमानवाढ दीड अंशाच्या आत राहण्याची निम्मी शक्यता हवी असेल तर २०२० च्या सुरुवातीला सुमारे ५०० अब्ज टन शिल्लक होते, आणि जग वर्षाला ४० अब्जांच्या आसपास संपवतं.

बेलेममध्ये यजमानांनी मात्र वेगळा शब्द आणला, 'मुचिरांव'. सगळ्या गावाने मिळून एकाचं काम उरकणं. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. अंतिम मसुद्याचं नावही त्यावरूनच ठेवलं, पण जीवाश्म इंधनांतून बाहेर पडण्याचा आराखडा त्यात आला नाही. इर्जिकीला आलेल्यांना ज्याचं शेत तो जेवू घालतो. या जेवणाचा खर्च कुणी करायचा, म्हणजे गरीब देशांना हवामानासाठी पैसा कुणी द्यायचा, यावरचं भांडण मात्र आदल्या वर्षीच्या परिषदेत, अझरबैजानमधल्या बाकूतच झालं होतं. २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर हा आकडा तिथे ठरला, आणि भारताच्या प्रतिनिधीने त्याला दृष्टिभ्रम म्हटलं.