विंचवाची पेटी आणि अर्धा मिलिमीटर

पाळलेल्या विंचवाच्या अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, पेटीचं झाकण काढा, त्यावर स्टीलची पट्टी उभ्या कडेवर ठेवा आणि झाकण उजेडासमोर धरा. पेटी नवी असेल तर पट्टी सगळीकडे टेकेल. आत ओलसर माती, बाहेर हीटर अशी काही महिने चाललेली असेल, तर पट्टी दोन टोकांना टेकते आणि मधोमध उजेडाची बारीक चंद्रकोर दिसते. म्हणजे झाकणाचं पोट खाली गेलंय आणि कोपरे वर उचललेत.

आता हे विंचवाच्या बाजूने बघा. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर त्याला चढता येत नाही, पाय घसरतात. पण पेटी सिलिकॉनने जोडलेली असेल तर कोपऱ्यातल्या त्या रबरी रेघेवर त्याची नखं रुततात. चढायची सोय कोपऱ्यात, फटही कोपऱ्यात, आणि अंग मुळातच चपटं!

अशा वेळी पहिला संशय येतो तो अ‍ॅक्रिलिक वितळल्याचा. तसं नसतं. अ‍ॅक्रिलिक मऊ पडायला लागतं ते साधारण 100 ते 105 अंश सेल्सिअसला. सतत वापरासाठी 70-80 अंशांची मर्यादा पाळावी, कारण त्यापुढे ताण असलेला पत्रा स्वतःच्या वजनानेसुद्धा हळूहळू कायमचा झुकतो. थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या उपकरणावर) चालणारी साधी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, तिथपर्यंत जातही नाही. तरी पेटी वाकते, कारण वाकायला मऊ व्हावं लागत नाही, असमान वाढणं पुरतं.

अ‍ॅक्रिलिक तापल्यावर काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावतं. 30 सेंटिमीटर लांबीची भिंत 25 अंशांनी तापली तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण समजा तिची दोन्ही टोकं घट्ट जखडलेली आहेत. वाढलेल्या लांबीला बाजूला जायला जागा नाही, म्हणून भिंत मधून बाहेर येते. आता पायथागोरस काढा. अर्ध्या भिंतीचा कर्ण 150.25 मिलिमीटर, पाया 150. उरलेली बाजू साडेआठ मिलिमीटरच्या वर भरते. अर्ध्या मिलिमीटरचा साडेआठ झाला! प्रत्यक्षात टोकं इतकी घट्ट नसतात, बाजूच्या भिंतीही थोड्या वाकतात, त्यामुळे फुगवटा कमी येतो. पण भिंतीचा फक्त मधला भाग तापवला, की थंड कडा चौकटीसारखं काम करतात आणि हेच गणित लागू होतं. मला स्वतःला हे उत्तर पहिल्यांदा पटलं नव्हतं, कागदावर दोनदा करून पाहिलं.

झाकणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मुख्य गुन्हेगार ओलावा. अ‍ॅक्रिलिक पाणी शोषतं, अगदी थोडं, पण शोषतं. आणि शोषलं की फुगतं. खालची बाजू दमट, वरची कोरडी, म्हणून खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित लांब होते आणि पोट खाली येतं. पावसाळ्यात लाकडी दार अडकतं, त्याच जातीचं हे दुखणं. उपायही साधा आहे: झाकण अधूनमधून उलटून बसवायचं. जाड पत्रा घेतला तर बाक बराच कमी होतो. मात्र झाकण पुसायला स्पिरिट किंवा काच पुसायचं अमोनियायुक्त द्रव वापरू नये. ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला, विशेषतः हवेसाठी पाडलेल्या भोकांच्या कडेला, त्याने केसासारख्या चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

उष्णता वरून द्यायची, तर लोक सिरॅमिक हीटर टांगतात. त्याचा पृष्ठभाग अडीचशे अंशांच्या आसपास तापतो आणि त्याच्या उष्ण किरणांचा जोर पाच-सहा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. अ‍ॅक्रिलिक आपल्या डोळ्यांना स्वच्छ पारदर्शक दिसतं, पण साधारण 2.8 मायक्रोमीटरपुढच्या किरणांसाठी ते काळ्या पत्र्यासारखं आहे. ते किरण झाकण गिळून टाकतं. विंचवापर्यंत जायची ऊब झाकणातच मुरते, आत गार आणि वर भट्टी. काचही हे किरण अडवते, पण तिला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. अ‍ॅक्रिलिक मात्र इथे खरोखरच मऊ पडू शकतं, शिवाय ते ज्वलनशील आहे. अ‍ॅक्रिलिकच्या झाकणावर सिरॅमिक हीटर किंवा तापणारा बल्ब नको, हे मी अटळ मानतो.

मग मॅट खाली लावायची का? ते विंचवाच्या स्वभावाविरुद्ध आहे. विंचवाला उकडलं की तो खाली उकरत जातो, कारण जमिनीत खाली गारवा असतो हे त्याच्या जातीने कोट्यवधी वर्षं अनुभवलंय. मॅट तळाशी असेल तर तो जितका खोल जाईल तितका भाजत जातो. पेटीसाठीही हे वाईटच. वर मातीचा जाड थर, खाली टेबल, उष्णता निघून जायला वाट नाही, त्यामुळे तळाचा पत्रा आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त तापतो.

मॅट मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला, मातीच्या पातळीच्या वर असावी. ती पेटीला चिकटवू नये. वेगळ्या फळीवर लावून मध्ये बोटभर हवा सोडली, की ऊब पसरून पोचते आणि भिंतीत तापलेले डाग पडत नाहीत. पेट्या अनेक असतील तर सगळ्या एका कपाटात ठेवून कपाटाची हवाच उबदार करणं सर्वांत उत्तम. चारही भिंती सारख्या तापल्या की वाकायला कारणच उरत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या एम्परर विंचवाला 24 ते 30 अंश मानवतात. खोली तेवढी उबदार असेल, तर हीटर विकतच घेऊ नये. पेटीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा थोडा गार राहिला पाहिजे, जागा विंचू निवडतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, अनेकजण आत मातीवर ठेवतात. विंचू रात्रभर उकरत असतो. सकाळी प्रोब ओल्या मातीखाली गाडलेला, त्याला वाटतंय अजून गारच आहे, आणि मॅट अखंड चालू. प्रोब बाहेर, मॅटच्या तोंडाशी बांधावा आणि आतलं तापमान वेगळ्या थर्मामीटरने पाहावं.

उजेडाचा प्रश्न त्यामानाने सोपा. विंचू निशाचर आहे, त्याला तळपत्या दिव्याची गरज नाही. खोलीत दिवस-रात्र कळण्यापुरता उजेड पुरतो. पेटीत झाडं असतील तर एलईडी पट्टी लावा, पण ध्यानात ठेवा की एलईडी समोर गार असला तरी त्याची पाठ तापते. पट्टी थेट अ‍ॅक्रिलिकला न चिकटवता अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून थोडी वर टांगावी. रात्री निरीक्षणासाठी मंद लाल दिवा बरा, कारण विंचवाचे डोळे हिरव्या आणि अतिनील उजेडाला जास्त संवेदनशील असतात, लाल त्यांना फारसा जाणवत नाही.

आणि अतिनील टॉर्च? तिच्या प्रकाशात विंचू हिरवट निळा चमकतो, कारण त्याच्या कवचाच्या बाहेरच्या थरात बीटा-कार्बोलिनसारखे पदार्थ असतात. बऱ्याच अ‍ॅक्रिलिकमध्ये अतिनील किरण शोषणारं द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून 365 नॅनोमीटरची टॉर्च भिंतीतून फिकी पडते, 395 ची बरीचशी पार जाते. दिवा कायम लावून ठेवू नये. दीर्घकाळ अतिनील प्रकाशात राहिलेल्या विंचवांची चमक मंदावते. दोन-चार मिनिटं पाहून बंद करावा.

कधीतरी त्या दोन-चार मिनिटांत पेटीत विंचू झगझगीत दिसतो, पण हलत नाही. नीट पाहिलं तर शेजारी दुसरा, जवळपास न चमकणारा, फिकट आणि ओलसर. चमकणारी ती टाकलेली कात. अंधारात मिसळलेला तो खरा विंचू, कवच अजून कडक न झालेला. टॉर्च तेव्हाच बंद करायची आणि झाकणाला हात लावायचा नाही.