तेल हलकं असतं, पण कारण ते नव्हे

तेल आणि पाणी एकमेकांत का मिसळत नाहीत, असं मुंबईतल्या कुठल्याही आठवीच्या वर्गात विचारून बघा. 'तेल हलकं असतं म्हणून' हे उत्तर हमखास येतं. बाकांवरून येतं आणि कधीकधी फळ्याजवळूनही. प्रयोगच तसा आहे: परीक्षानळीत पाणी, वर तेल, हलवा, ठेवा. डोळ्यांना दिसतं ते वर-खाली, म्हणून कारणही तिथेच शोधलं जातं.

घनता फक्त वर कोण बसणार ते ठरवते. पाण्याची घनता १ धरली तर आयसोप्रोपिल आल्कोहोलची ०.७९, म्हणजे सूर्यफूल तेलाच्या ०.९२ पेक्षाही कमी. तरी ते पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. क्लोरोफॉर्म १.४९, पाण्याहून चांगलंच जड, आणि तळाशी वेगळा थर करून राहतं.

याचा सर्वांत देखणा पुरावा १९व्या शतकात जोसेफ प्लाटो या बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञाने दिला. त्याने पाण्यात आल्कोहोल मिसळून घनता तेलाइतकी आणली. तेलाला वर जायचं कारण उरलं नाही, खाली जायचंही नाही. तरीही ते विरघळलं नाही; मधोमध गोल गोळा होऊन राहिलं. वर्गात साधारण निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल घेऊन हे जमतं. गोळा बुडाला तर थोडं पाणी घाला, वर आला तर आल्कोहोल.

मग खरं कारण काय? पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे एकाचा हायड्रोजन आणि दुसऱ्याचा ऑक्सिजन यांच्यातल्या ओढीने, धरतात. हे बंध सतत तुटतात आणि नव्याने जुळतात. तेलाच्या कार्बन साखळीशी असा बंध होत नाही. ती मध्ये आली की भोवतीच्या रेणूंना आपले बंध राखायला ठरावीक दिशांनाच वळून राहावं लागतं, त्यांची मोकळीक कमी होते. तेल एका जागी गोळा झालं की दोघांमधली सीमा आक्रसते आणि ती मोकळीक परत मिळते. पाणी आणि तेल यांचं वैर वगैरे काही नसतं. दोघांत थोडं आकर्षणही असतं. आल्कोहोलजवळ मात्र हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, त्यामुळे ते पाण्याच्या बंधांत सामील होऊ शकतं.

ही मैत्री मोडता येते, आणि माझ्या मते शाळेत दाखवायचा खरा प्रयोग हाच. आयसोप्रोपिल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सर्किट बोर्ड पुसायचं म्हणून मिळतं. त्यात थोडं पाणी मिसळा. एकजीव द्रव होतो. चिमूटभर हळद टाका आणि मग घरचं मीठ भरपूर घालून बाटली जोरात हलवा. ठेवली की दोन थर! मिठाचे आयन (विद्युतभारित कण) पाण्याचे रेणू आपल्याभोवती गुंतवून ठेवतात, आल्कोहोलच्या वाट्याला पुरेसं पाणी येत नाही आणि ते वर निघून येतं. पिवळा थर वरचा असतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आल्कोहोलमध्ये विरघळतं. (मिसळीत लाल रंग तर्रीत उतरतो तोही असाच; मिरचीची रंगद्रव्यं तेलात विरघळणारी.) जवळपास बर्नर पेटलेला नको, हे द्रव चटकन पेट घेतं.

बीएस्सीला गेलेल्यांना फिनॉल-पाण्याचं प्रॅक्टिकल आठवत असेल. थंड असताना दोन थर, हलवलं की दुधाळ; तापवत नेलं की साधारण ६६ अंशांच्या पुढे कुठलंही प्रमाण घेतलं तरी नळी अचानक नितळ. मीठ घातलं की हा आकडा वर सरकतो. फिनॉल कातडी भाजतं, म्हणून ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतच बरं. ट्रायएथिलअमीन हा द्रव याच्या नेमकं उलट: ते पाण्यात साधारण १८.५ अंशांच्या खाली मिसळतं आणि वर वेगळं होतं. मुंबईत हे दाखवायचं तर बर्फ आणायलाच हवा, आणि खिडक्याही उघड्या हव्यात, कारण त्याला कुजक्या मासळीसारखा उग्र वास असतो.